घरासाठी ऑफिसमधलं जुनं झेरॉक्स मशीन घेताना

महिन्याला शे-दीडशे पानंच निघत असतील तर साधा लेझर प्रिंटर घ्या, जुन्या मशीनच्या भानगडीत पडू नका. पण घरी शिकवण्या चालतात, वकिलीचे कागद असतात, अधूनमधून ए-थ्री लागतो, अशांना ऑफिसातून निघालेलं मशीन परवडतं. पुण्यात हिंजवडी-खराडीकडच्या अनेक कंपन्या मशीन भाड्याने घेतात. करार संपला की ती विक्रेत्यांकडे येतात.

मॉडेल मात्र विक्रेत्याला ठरवू देऊ नका. आधी तुमच्या भागातल्या झेरॉक्सवाल्याला गाठा. पेरूगेटाजवळ स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या नोट्स काढत दिवसभर मशीनं चालतात. तिथे गर्दी ओसरली की विचारा, मशीन कुठलं, बिघडलं तर येतं कोण, ड्रम (पानावर अक्षरं उमटवणारा नळकांडीसारखा भाग) कुठून आणता? त्याच्याकडे कॅनन असेल तर तुम्हीही कॅननच बघा, क्योसेरा असेल तर क्योसेरा. स्वस्तात मिळालं म्हणून कुणालाच माहीत नसलेलं मॉडेल उचललं, की कागद आत ओढणाऱ्या साध्या पिकअप रोलरसाठी ताटकळत बसावं लागतं. रंगीतच्या नादी तर लागूच नका: चार टोनर, बहुतेकांत ड्रमही चार.

बघायला जाताना मशीन आधी चालू करून ठेवू नका असं सांगा, आणि कागद घरून न्या. पहिल्यांदा मागची पाटी वाचा. 220-240 व्होल्ट हवं. 110-120 लिहिलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मरचं लोढणं गळ्यात येईल. मग मीटर. कॅननच्या बऱ्याच मशीनवर 123 असं बटण असतं, ते दाबलं की आजवरच्या कॉप्यांचा आकडा दिसतो. त्यावर डोळे झाकून विश्वास नको. ट्रे ओढून पिकअप रोलरवर बोट फिरवा. रबर गुळगुळीत, चकचकीत झालेलं असेल आणि आकडा मात्र कोवळा, तर विक्रेत्याला कारण विचारा.

आता कॉप्या काढा. झाकण उघडं ठेवून एक काढली की पान काळं येतं. त्यात पांढरे पट्टे आहेत का बघा. कोऱ्या कागदाची एक काढा, ती राखाडी आली तर ड्रम किंवा डेव्हलपर (टोनर ड्रमपर्यंत नेणारी पूड) थकलाय. ठिपके ठरावीक अंतराने येत असतील तर फूटपट्टी लावा. 30 मिलिमीटर व्यासाचा ड्रम दर 94 मिलिमीटरला एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे तेवढ्या अंतरावरचा डाग ड्रमचाच समजा. ड्रम बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

वरच्या फीडरमधून, म्हणजे कागद आपोआप ओढणाऱ्या भागातून, काढलेल्या कॉपीवर उभी काळी रेघ दिसली तर लगेच नाक मुरडू नका. तोच कागद काचेवर ठेवून काढा. रेघ गेली, तर दोष फीडरचा: मोठ्या काचेच्या बाजूला बोटभर रुंदीची काचेची पट्टी असते, तिच्यावर व्हाइटनरचा कण चिकटला तरी प्रत्येक पानावर लांबलचक रेघ उमटते. ओलसर फडक्याने पुसलं की काम होतं. विक्रेत्याला हे माहीत नसेल तर तुमचाच फायदा.

शेवटी दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस पानं सलग काढा आणि लॅपटॉपवरून प्रिंट देऊन बघा. काही मशीनं नुसती कॉपीच करतात. जुन्या मशीनवरून स्कॅन थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरात पाठवताना हमखास अडतं, कारण त्यांना लागणारी एसएमबीची (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती नव्या विंडोजमध्ये सहसा बंद असते. पेनड्राइव्हवर स्कॅन होत असेल तर प्रश्न मिटला. आत हार्ड डिस्क असेल तर तिच्यातला डेटा पुसून घ्या, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. 'टेस्टिंग वॉरंटी' तोंडी असते, तीही तिथेच लिहायला लावा.

ए-थ्रीची मोठी मशीनं शंभर किलोच्या घरात जातात. लिफ्ट नसेल, जिना वाड्यातला लाकडी असेल, तर छोटं डेस्कटॉप मॉडेल बघा. छोट्या हत्तीत ते उभंच ठेवा; आडवं केलं तर आतला टोनर सांडतो. घरी पंधरा अँपियरचा पॉइंट द्या, इन्व्हर्टरवर टाकू नका, आणि ते झोपायच्या खोलीत नको. जून ते सप्टेंबर कागद दमट होतो आणि अडकायला लागतो. रीम फोडली की उरलेली प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा.