फोनवर वायफाय चालतं, कॉम्प्युटरवर नाही?

मोबाइल डेटा बंद करून आधी फोनवर त्याच वायफायने नेट येतं का पाहा. तिथेही नसेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा.

फोन चालतो आणि कॉम्प्युटरच अडतो, तर एअरप्लेन मोड तपासा. बऱ्याच लॅपटॉपच्या कीबोर्डवर त्याचं बटण असतं आणि ते चुकून दाबलं जातं.

यादीत घरच्या वायफायचं नावच दिसत नसेल, तर मशिन जुनं आहे का बघा. बऱ्याच जुन्या मशिनना फक्त २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल मिळतो, ५ चा नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू करा. वेग थोडा कमी, पण भिंतीपलीकडच्या खोलीत तोच नीट पोचतो, म्हणून मी तर तो कायम चालूच ठेवायला सांगेन.

राउटरचा पासवर्ड बदललाय? मग विंडोजमध्ये त्या नावावर राइट क्लिक करून ‘फरगेट’ करा आणि नवा पासवर्ड टाका.

जोडलं गेलं तरी नेट नाही, असं झालं तर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा नंबर, वाचा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून अ‍ॅड्रेस मिळालेलाच नाही. दोन्ही रीस्टार्ट करा, आधी राउटर.