बीमचा स्लोप आणि डिफ्लेक्शन काढताना या चुका टाळा

बीमचा स्लोप (वाकल्यावर येणारा तिरकेपणा) आणि डिफ्लेक्शन (झुकणं) काढण्याच्या गणितात इंटिग्रेशन चुकल्यामुळे मार्क गेले, असं क्वचितच होतं. क्ष² चं क्ष³ भागिले ३ सगळ्यांनाच येतं. घोळ होतो तो त्याच्या आधी, नाहीतर नंतर. एक उदाहरण हातात घेऊ.

६ मीटर स्पॅनचा सिम्पली सपोर्टेड (दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला) बीम, डाव्या सपोर्टपासून ४ मीटरवर ३० किलोन्यूटनचा पॉइंट लोड, सेक्शन आयएसएमबी २५० (२५० मिमी उंचीचा, इंग्रजी आय आकाराचा स्टीलचा सेक्शन). रिअ‍ॅक्शन (सपोर्टचं वर ढकलणारं बल) डावीकडे १० आणि उजवीकडे २० किलोन्यूटन. मॅकॉलेच्या पद्धतीने (हा १९१९ सालचा गणिती मॅकॉले, आपल्या शिक्षणावर खलिता लिहिणारा नव्हे) डाव्या सपोर्टपासून क्ष अंतरावर मोमेंट येतं १०क्ष − ३०[क्ष − ४]. त्याचं एकदा आणि दोनदा इंटिग्रेशन करून (ई म्हणजे मटेरियलचा ताठपणा, आय म्हणजे सेक्शनचा मोमेंट ऑफ इनर्शिया, क१ आणि क२ इंटिग्रेशनचे स्थिरांक):

ईआय × स्लोप = ५क्ष² − १५[क्ष − ४]² + क१
ईआय × डिफ्लेक्शन = (५/३)क्ष³ − ५[क्ष − ४]³ + क१·क्ष + क२

चौकटी कंस फोडायचा नाही. अख्ख्या कंसाचं इंटिग्रेशन करायचं. आणि कंसातली किंमत ऋण आली की ते पद शून्य. क्ष = ० ला कंसात −४ घालून घन करणारे बरेच असतात. मग क२ शून्याऐवजी −३२० येतो आणि पुढचं सगळं वाया. यूडीएल (लांबीवर सारखा पसरलेला लोड) मध्येच संपत असेल, तर तो उजव्या टोकापर्यंत वाढवून घ्या आणि वाढवलेल्या भागावर तेवढाच लोड उलटा, वरच्या दिशेने लावा. हे विसरलात तर समीकरणाला लोड कुठे थांबला ते कळतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र क१ काढताना होते. ‘मधोमध स्लोप शून्य’ हे वाक्य डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की लोड एका बाजूला असला तरी ते वापरलं जातं. ते फक्त सममित लोडिंगला खरं आहे. इथे वापरून बघा: क्ष = ३ ला ४५ + क१ = ०, म्हणजे क१ = −४५. आता हाच क१ घेऊन उजव्या सपोर्टचं डिफ्लेक्शन काढा. ३६० − ४० − २७० = ५०, शून्य नाही! ईआय आहे १०,२६३ किलोन्यूटन-मीटर², म्हणजे बीमचं टोक सपोर्टपासून जवळपास ५ मिमी वर तरंगतंय. हा ताळा करायला अर्धं मिनिट लागतं, पण करतं कोण?

बरोबर अट अशी: दोन्ही सपोर्टला डिफ्लेक्शन शून्य. मग क१ = −५३.३३. स्लोप शून्य होतो क्ष = ३.२७ मीटरला, तिथे डिफ्लेक्शन ११.३ मिमी. लोडखाली ते १०.४ आहे, मधोमध ११.२. म्हणजे लोडखाली सर्वात जास्त झुकतं हा समज खोटा. एका पॉइंट लोडसाठी, तो सपोर्टच्या कितीही जवळ सरकवला, तरी कमाल डिफ्लेक्शनची जागा मधापासून स्पॅनच्या ८ टक्क्यांपलीकडे जात नाही. उत्तर त्याबाहेर आलं तर गणित पुन्हा तपासा.

कॅन्टिलिव्हरला (एकाच टोकाला घट्ट बसवलेल्या बीमला) उलटं: फिक्स टोकाला स्लोपही शून्य, डिफ्लेक्शनही. लोड टोकाच्या अलीकडे असेल तर पुढचा भाग वाकत नाही, पण तिरका होऊन खाली जातो. लोडखालचा स्लोप गुणिले उरलेली लांबी एवढं मिळवायचं राहून जातं.

युनिटचं काय सांगायचं! स्टीलचा ई २०० गिगापास्कल म्हणजे २०० किलोन्यूटन प्रति मिमी². आय मिमी⁴ मध्ये घेऊन गुणलं की किलोन्यूटन-मिमी² येतं. मीटर² करायला १०⁶ ने भागा, १०³ ने नाही. स्लोप रेडियनमध्ये येतो. इथे डाव्या सपोर्टला ०.००५२, म्हणजे जेमतेम ०.३ अंश. स्टील टेबलमधून आय उचलताना अक्ष बघा: आयएसएमबी २५० चा एक्स-एक्स अक्षाचा आय ५,१३१.६ सेमी⁴, वाय-वायचा ३३४.५. ओळ चुकली की डिफ्लेक्शन पंधरापट.

आरसीसीला (सळ्या घातलेल्या काँक्रीटला) हे जसंच्या तसं लावू नका. तिथे काँक्रीटला तडे जातात, म्हणून पूर्ण सेक्शनचा आय घेतला तर डिफ्लेक्शन कमी दिसतं. शिवाय क्रीप, म्हणजे कायमच्या लोडखाली काँक्रीट हळूहळू आणखी झुकत जाणं. एम२५ (२५ न्यूटन प्रति मिमी² ताकदीच्या काँक्रीट) साठी आयएस ४५६ या भारतीय काँक्रीट मानकाप्रमाणे ई = ५०००√२५ = २५,००० न्यूटन प्रति मिमी², पण २८ दिवसांनी लोड आला तर क्रीप गुणांक १.६, म्हणजे दीर्घकाळाचा ई ९,६०० च्या आसपास. मर्यादाही दोन आहेत. एकूण अंतिम डिफ्लेक्शन स्पॅनच्या २५० व्या भागात, आणि पार्टिशन व फिनिशिंगनंतर होणारं ३५० व्या भागात किंवा २० मिमी, यातलं जे कमी ते. ६ मीटरला पहिली २४ मिमी, दुसरी १७. विटांच्या भिंतीला तडा जातो तो बहुधा दुसरी न तपासल्यामुळे, आणि साइटवर बोलणी खातो प्लास्टरवाला.