इंदूर ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ घरच्या घरी कसा काढावा

इंदूरच्या रामबागेत काय किंवा टिळकनगरात काय, ज्या घरातील मुले अमेरिकेत आहेत, त्या घरात तिकीट हाती आले की विमानात नेमके किती तास बसावे लागणार, हा प्रश्न निघतोच. तिकिटावरील वेळांची नुसती वजाबाकी केल्यास उत्तर हमखास चुकते. पृथ्वीचा गोल, दोरा आणि कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास मात्र ते बऱ्यापैकी अचूक निघते.

प्रथम अंतर काढावे. त्यासाठी भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवू नये, कारण तिची रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते आणि ती फसवी असते. मुलांच्या टेबलावरचा गोल घ्यावा, दोऱ्याचे एक टोक इंदूरवर अंगठ्याने दाबून धरावे (लहान गोलावर इंदूर छापलेले नसते, भोपाळच्या किंचित खाली, डावीकडे धरावे) आणि दुसरे टोक न्यूयॉर्कवर नेऊन दोरा ताणावा. ताण बसताच तो उत्तरेकडे सरकतो आणि स्वीडनच्या उत्तर भागावरून व ग्रीनलँडच्या दक्षिण भागावरून जातो. जवळचा मार्ग तोच. आता विषुववृत्ताभोवती दोऱ्याचा एक पूर्ण वेढा घेऊन तोही मोजावा. 30 सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर हा वेढा सुमारे 94 सेंटीमीटर आणि आधीचा दोरा सुमारे 29 सेंटीमीटर भरतो. पृथ्वीचा परीघ साधारण 40,000 किलोमीटर असल्यामुळे त्रैराशिकाने अंतर 12,300 किलोमीटरच्या आसपास येते.

इंदूरहून न्यूयॉर्कला थेट विमान नसल्यामुळे यानंतर टप्पे मोजावेत. इंदूर ते दिल्ली हवाई अंतर सुमारे 660 आणि दिल्ली ते न्यूयॉर्क सुमारे 11,750 किलोमीटर आहे, म्हणजे दिल्लीमार्गे फेरा जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरचा पडतो. मुंबईमार्गे तोच साडेसातशेच्या घरात जातो.

वेळेसाठी ताशी 900 किलोमीटर वेग धरावा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवावा. दिल्लीपासून साडेतेरा तास निघतात. वेळापत्रक मात्र पंधराच्या पुढचा आकडा दाखवते. याचे मोठे कारण म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, जे जाताना समोरून अडवतात आणि येताना पाठीमागून ढकलतात. त्यामुळे परतीचा प्रवास सहसा कमी वेळात होतो. दुसरे कारण बंद हवाई हद्दींचे: 2025च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या उड्डाणांना वळसा घ्यावा लागला.

शेवटी घड्याळ जुळवावे. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. समजा, जानेवारीत विमान दिल्लीहून पहाटे 2 वाजता निघून त्याच दिवशी सकाळी 7 वाजता न्यूयॉर्कला पोहोचते असे छापले आहे. पाच तासांत अमेरिका, असे वाटून हसू येते खरे, पण न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. ते पाचात मिळवले की खरा वेळ साडेपंधरा तास होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळे तासभर पुढे असल्याने हा फरक साडेनऊ धरावा. वरच्या साडेपंधरा तासांत इंदूर-दिल्ली उड्डाणाचा दीड तास आणि दिल्लीतील मुक्काम, समजा चार तास, मिळवल्यास इंदूरचे विमान सुटल्यापासून न्यूयॉर्कला उतरेपर्यंत एकूण एकवीस तास होतात.