नोकरी सुटल्यावर दुसऱ्या वर्षाची फी कशी भरली

एम.बी.ए.च्या फीपैकी निम्मी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून भागत होती आणि उरलेली निम्मी मी संध्याकाळी क्लासमध्ये शिकवून भरत होतो. तो क्लासच बंद पडला. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण वेळेवर केले, पण खरी अडचण उरलेल्या निम्म्या रकमेची होती. अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर शैक्षणिक कर्ज मिळत नाही, असे बँकेत प्रथम सांगण्यात आले, आणि मीही ते खरे मानून आठवडा वाया घालवला. प्रत्यक्षात महाविद्यालयाकडून उर्वरित फीचे पत्र आणि पहिल्या वर्षाची गुणपत्रिका घेऊन, वडिलांना सहकर्जदार करून दुसऱ्या बँकेत अर्ज केल्यावर, रक्कम ४ लाखांच्या आत असल्याने तारण न मागता कर्ज मंजूर झाले. तोपर्यंत प्राचार्यांना लेखी विनंती करून मुदत वाढवून घेतली होती.