कंपोस्टेबल पिशवीचं खत करायचं तर

हिरवा रंग आणि पानाचं चित्र बघून पिशवी घेऊ नका. तिच्यावर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, आयएस/आयएसओ १७०८८ हा मानक क्रमांक आणि प्रमाणपत्र क्रमांक छापलेला हवा. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं पुरेसं नाही.

या पिशव्या कुजायला मुख्यतः उष्णता लागते. मानकाची चाचणी साधारण ५८ अंशांच्या ढिगात होते; १२ आठवड्यांनी चाळल्यावर २ मिमी जाळीवर दहा टक्क्यांहून जास्त तुकडे राहता कामा नयेत. गॅलरीतल्या खताच्या कुंडीत एवढी ऊब कधीच होत नाही, म्हणून पिशवी तिथे महिनोन् महिने तशीच दिसते. कुंडी असेल तर ओला कचरा त्यात ओता आणि पिशवी मोठ्या खतप्रकल्पाकडे द्या.

सोसायटीत किमान एक घनमीटर ढीग असेल तर पिशवीचे तळहाताएवढे तुकडे करून मध्यभागी पुरा. एक घमेलं ओल्या कचऱ्याला दोन घमेली सुका पाला घाला, ढीग दर आठवड्याला उलथा. मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. वास आला की पाला वाढवा. ढीग थंड पडला तर बहुधा ओलावा किंवा ओला कचरा कमी पडलाय.

भंगारवाल्याला मात्र या पिशव्या देऊ नका. नेहमीच्या प्लास्टिकमध्ये मिसळल्या की पुनर्वापराचा माल खराब होतो.