या चुका टाळा: व्हीपीएनचा किल स्विच आणि विंडोजची फायरवॉल

लाइट जाते. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहतो, राउटर मात्र बंद पडतो. थोड्या वेळाने लाइट येते, वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही पान उघडत नाही. जुळे सोलापुरात घरून कंपनीचं काम करणारे असोत की अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल-चादरीची ऑफिसं, व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीपर्यंत किंवा व्हीपीएन सर्व्हरपर्यंतचा खाजगी बोगदा, वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. हा बोगदा तुटला की व्हीपीएनच्या ॲपमधला किल स्विच सगळं नेट अडवतो, म्हणजे काहीही उघड्यावरून जात नाही.

अशा वेळी बरेच जण विंडोजची फायरवॉलच, म्हणजे नेटवरची ये-जा तपासणारा पहारेकरीच, बंद करून बघतात. त्याने नेट येत नाही, उलट मशीन उघडं पडतं. कारण बहुतेक किल स्विच आपले नियम फायरवॉलच्या यादीत लिहीत नाहीत. ते थेट विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्ममध्ये, म्हणजे फायरवॉल ज्या पायावर उभी आहे त्या थरात बसवलेले असतात. फायरवॉल बंद केली तरी ते जागेवरच राहतात. हा थर चालवणारी बेस फिल्टरिंग इंजिन ही सर्व्हिस बंद करायचा सल्ला तर अजिबात ऐकू नका, त्याने दोन्ही संरक्षणं एकदम जातात.

आधी व्हीपीएनच्या ॲपमध्ये जाऊन किल स्विच बंद करा. नेट आलं, तर व्हीपीएन पुन्हा जोडला जात नाहीये. नाही आलं, तर राउटर किंवा लाइन तपासा.

व्हीपीएन जोडला न जाण्यामागे अनेकदा अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असते. विंडोजची फायरवॉल बाहेर जाणारी जोडणी मुळात अडवत नाही, ही मात्र अडवू शकते. मग कोंडी होते: किल स्विच बोगद्याशिवाय काही जाऊ देत नाही आणि अँटिव्हायरस बोगदाच तयार होऊ देत नाही. परवानगी देताना फक्त दिसणाऱ्या खिडकीच्या प्रोग्रामला देऊन भागत नाही. मागे चालणाऱ्या सर्व्हिसची फाइल वेगळी असते, तिलाही द्या. अपडेटनंतर फाइलची जागा बदलली तर परवानगी नव्याने द्यावी लागते. पोर्टही, म्हणजे जोडणी ज्या क्रमांकाच्या दारातून जाते तेही बघा. व्हीपीएनच्या प्रकारानुसार ते असे: ओपनव्हीपीएनचा नेहमीचा यूडीपी ११९४, वायरगार्डचा यूडीपी ५१८२०, आयकेईव्ही२ चे यूडीपी ५०० आणि ४५००. तुमच्या कंपनीने वेगळा ठेवला असेल, तर तो विचारून घ्या.

ऑफिसात सगळ्यात जास्त वेळ खातो तो हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा गोंधळ. डेटा आणि लायसन्स एका मशीनवर, बाकीचे लॅनवरून, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवरून जोडलेले. एकाने व्हीपीएन लावला की त्याच्या टॅलीला लायसन्स सापडत नाही, ते एज्युकेशनल मोड दाखवतं आणि प्रिंटरही गायब होतो. किल स्विचने लॅनच तोडलेलं असतं. ॲपमध्ये लोकल नेटवर्कला परवानगी देण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. विंडोजच्या वायरगार्डमध्ये बोगद्याबाहेरचं सगळं अडवणारी खूण टनेलच्या एडिट खिडकीत असते. ती काढली की लॅन परत मिळतं, पण किल स्विचही जातो. ही किंमत समजूनच खूण काढा.

तरीही टॅली जोडलं नाही, तर लायसन्स असलेल्या मशीनची फायरवॉल बघा. परवानगीची खिडकी आली तेव्हा कुणी कॅन्सल दाबलं असेल, तर त्या प्रोग्रामसाठी टीसीपी आणि यूडीपी असे दोन ब्लॉक नियम तयार झालेले असतात. वर अलाऊचा नियम घालून उपयोग नाही, ब्लॉकच जिंकतो. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधल्या इनबाउंड रूल्समध्ये लाल खुणेचे ते दोन नियम पुसा. ऑफिसचं नेटवर्क पब्लिक लागलंय का तेही बघा, प्रायव्हेटपुरता दिलेला नियम तिथे लागू होत नाही.

चाचणी घेताना डिस्कनेक्ट दाबू नका. तुम्ही स्वतः तोडलं की बरीच ॲप किल स्विच सोडून देतात. पिंग (एखादा सर्व्हर उत्तर देतोय का ते बघणारी कमांड) सतत चालू ठेवून टास्क मॅनेजरमधून व्हीपीएनची प्रोसेस बंद करा. उत्तरं यायची थांबली पाहिजेत. येतच राहिली, तर त्या किल स्विचवर विसंबू नका.

रेल्वे स्टेशनच्या वायफायवर ओटीपीचं पान उघडत नसेल, तर किल स्विच तेवढ्यापुरता काढा, लॉगिन करा, लगेच परत लावा.

आणि किल स्विच चालू असताना व्हीपीएन अनइन्स्टॉल करू नका. काही ॲपचे नियम मागे उरतात आणि नेट बंदच राहतं. फायरवॉल रिसेट केल्याने ते जातीलच असं नाही. मोबाइलवर इन्स्टॉलर उतरवून यूएसबीने आणा, तेच ॲप पुन्हा टाका, किल स्विच बंद करा, मग काढा आणि मशीन रीस्टार्ट करा.