उष्णतेवर प्रयोग करायचे आहेत? विदर्भातल्या खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं दरवर्षी विचारतात, "सर, प्रयोगातलं संशोधन करायचं म्हणजे पुण्या-मुंबईलाच जावं लागेल ना?" पुढं कधीतरी जावं लागेल, कारण मोठी उपकरणं तिकडं आहेत. पण द्रवांचं तापणं, निवणं, उकळणं, गोठणं हा विषय तुम्हाला खरोखर आवडतो का, हे कळण्यासाठी गाव सोडायची गरज नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. तालुक्याच्या कॉलेजात शिकलो, पुढं उकळत्या पाण्यातून उष्णता कशी वाहते यावर पीएच.डी. केली, आणि आता परत इकडच्याच एका ग्रामीण कॉलेजात शिकवतो. या वाटेनं येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना जे सांगावंसं वाटतं ते इथं लिहितो आहे.

आधी या विषयाचा उपयोग कुठं होतो ते. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेत उतरते. उरलेल्यातला मोठा भाग कंडेन्सरमधल्या, म्हणजे वाफेचं परत पाणी करणाऱ्या भागातल्या, पाण्याला दिला जातो आणि कूलिंग टॉवरमधून हवेत सोडला जातो. डेटा सेंटरमधल्या चिपा, विजेवरच्या गाडीची बॅटरी, संत्र्याचं शीतगृह, उपग्रहातल्या हीट पाइप (आतल्या द्रवाची वाफ करून उष्णता नेणाऱ्या बंद नळ्या), सगळीकडं प्रश्न एकच: इथली उष्णता तिथं किती वेगानं नेता येईल? द्रवाची वाफ होताना किंवा वाफेचा द्रव होताना ती सर्वांत वेगानं नेता येते. म्हणून अवस्थांतराचा अभ्यास करणाऱ्यांना काम आहे आणि पुढंही राहणार आहे.

सुरुवात माठापासून करा. माठ सगळ्यांना माहीत आहे म्हणून मुलं त्याला प्रयोग मानत नाहीत, आणि मला हे फार खटकतं. १० लिटर पाणी ३५ अंशांवरून २५ अंशांवर आणायचं तर त्यातून सुमारे ४२० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्या तापमानाला एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २४२० किलोज्यूल लागतात. म्हणजे कागदावर १७५ ग्रॅमच्या आसपास पाणी उडालं की काम व्हायला हवं. आता किराणा दुकानात असतो तसा ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणा, माठ त्यावर ठेवा आणि दर अर्ध्या तासाला वजन व तापमान लिहा. उडालेलं पाणी १७५ ग्रॅमपेक्षा बरंच जास्त निघेल. हे जास्तीचं पाणी कुठं खर्ची पडलं?

बाहेरची ४३ अंशांची हवा माठाला सतत उष्णता देत असते. पाणी निवायला लागलं की हवेतला आणि पाण्यातला फरक वाढतो आणि आत येणारी उष्णताही वाढते. शेवटी माठ एका तापमानावर थांबतो. तेव्हा जेवढी उष्णता आत येते तेवढीच बाष्पीभवनानं बाहेर जाते, आणि वजन मात्र घटतच राहतं. आत येणारी उष्णता वेगळी मोजायला तसाच दुसरा माठ घ्या, बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात द्या, म्हणजे तो पाझरणार नाही. त्यात गार पाणी भरा, तोंड झाका आणि ते किती वेगानं तापतं ते पाहा. न्यूटननं १७०१ साली मांडलेला निवण्याचा नियम इथं उलट्या बाजूनं वापरता येतो: तापण्याचा वेग हा हवा आणि पाणी यांच्यातल्या फरकाच्या प्रमाणात. त्यावरून एका अंशाच्या फरकाला किती वॅट आत येतात ते निघतं. ते पाझरणाऱ्या माठाच्या हिशोबात घातलं की जमाखर्च जुळायला लागतो. पहिल्यांदा जुळत नाही. माठाच्या मातीची स्वतःची उष्णता राहून गेलेली असते, तोंडावरच्या झाकणाखालून वाफ निसटलेली असते. पण पुढं संशोधक म्हणून जे करायचं आहे ते नेमकं हेच: उष्णता आली किती, गेली किती, आणि फरक राहिला तर तो कुठं लपला आहे.

आमच्या भागातले कुंभार मातीत राख, लीद, भुसा कालवतात. भट्टीत ते जळतं आणि बारीक छिद्रं राहतात. एका म्हाताऱ्या कुंभारकाकांना मी विचारलं होतं, तर म्हणाले, "माठ पाझरला नाही त पानी थंड होनार कसं, बापू?" द्रवाची सच्छिद्र पदार्थातली हालचाल हा आजही संशोधनाचा मोठा विषय आहे, आणि हीट पाइपच्या आतल्या वातीत पाणी असंच केशाकर्षणानं सरकतं. गावातल्या कुंभाराकडं एक दुपार बसा. कोणत्या मिश्रणाचा माठ जास्त पाझरतो, कोणता तडकतो, हे त्यांना हातानं माहीत असतं. तुम्हाला ते आकड्यांत मांडता आलं तर तो चांगला प्रकल्प होईल.

माठ किती थंड होऊ शकतो याला एक मर्यादा आहे. मे महिन्यात दुपारी हवा ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान २४ अंशांच्या आसपास येतं. माठ, कूलर किंवा चंद्रपूरचा कूलिंग टॉवर, कोणीही निव्वळ बाष्पीभवनानं पाणी त्याच्या खाली नेऊ शकत नाही. पावसाळ्यात हा आकडा हवेच्या तापमानाला जवळजवळ भिडतो, म्हणून जुलैत कूलरचं गवत कितीही नवं टाकलं तरी घरात नुसतं चिपचिप होतं. तुमच्या वहीत रोजच्या नोंदीला कोरडं आणि ओलं, दोन्ही तापमानं हवीतच. ओल्या थर्मामीटरवर पंख्याची चांगली हवा लागली पाहिजे, सेकंदाला ३ मीटर तरी, आणि फडकं स्वच्छ सुती हवं. क्षाराचं पाणी वापरलं की फडकं कडक होतं आणि आकडा वर सरकतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं हे लवकर होतं, तेव्हा डिस्टिल्ड पाणीच घ्या.

आता मोजमापाबद्दल, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे. बाजारात मिळणारा डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर स्वस्त आणि चांगला आहे, पण त्याची हमी अर्ध्या अंशाची आहे. के प्रकारच्या साध्या थर्मोकपलची (दोन धातूंच्या तारा जोडून केलेल्या सेन्सरची) दोन अंशांहून जास्त चूक असू शकते. म्हणून प्रत्येक सेन्सर आधी तपासून घ्यायचा. बर्फाचा बिंदू काढताना ग्लासात बर्फाचे चार खडे टाकून भागत नाही. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ कुटून घ्या, फटींत भरेल एवढंच पाणी घाला, ढवळत राहा आणि सेन्सर मधोमध ठेवा. दुसरा बिंदू उकळत्या पाण्याचा. तिथं १०० लिहून मोकळं व्हायचं नाही. उत्कलनबिंदू हवेच्या दाबावर ठरतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, तिथं पाणी ९९ अंशांच्या जवळ उकळतं. मेळघाटात चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, तिथं ९६ अंशांच्या थोडं वर. चिखलदऱ्यात बसून कोणी सेन्सर १०० ला जुळवला तर त्या टोकाचा प्रत्येक आकडा साडेतीन अंशांनी चुकेल. दाब मोजणारा छोटा सेन्सर शंभर-दोनशे रुपयांत येतो. तो सोबत ठेवा.

दुसरी गोष्ट विजेची. हीटरवर १००० वॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले आणि व्होल्टेज २०० वर आलं की तोच हीटर साधारण ७५५ वॅट देतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. लेबलवरचा आकडा धरून हिशोब केला तर पाव भाग उष्णता हवेत विरल्यासारखी दिसेल. शक्ती मोजणारा मीटर हीटरच्या आधी लावा आणि त्याची नोंद तापमानासोबतच होऊ द्या. लाईन गेली तरी नोंद थांबू नये म्हणून आकडे आपोआप नोंदवणाऱ्या लॉगरला बॅटरी हवी. मोठ्या संस्थांतल्या मुलांना या गोष्टींकडं लक्ष द्यावंच लागत नाही. तुम्हाला द्यावं लागतं, आणि उकळण्याच्या प्रयोगांत तीच सवय पुढं फार उपयोगी पडते.

उकळणं हा माझा जीव की प्राण विषय. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाका. तवा १२० अंशांवर असेल तर थेंब चर्र करून क्षणात उडतो. तवा २०० अंशांच्या बराच वर गेला की तोच थेंब गोळी होऊन नाचत राहतो आणि जास्त वेळ टिकतो, कारण त्याच्याखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि तो उष्णता अडवतो. लायडेनफ्रॉस्टनं १७५६ साली याचं वर्णन केलं. १९३४ साली जपानच्या नुकियामांनी पाण्यात बुडवलेल्या बारीक तारेतून वीज सोडून उकळण्याचा पूर्ण आलेख काढायला सुरुवात केली. उष्णता वाढवत नेली तर एका टोकानंतर बुडबुड्यांची वाफ तारेला पूर्ण वेढते, पाणी तिला शिवतच नाही आणि तारेचं तापमान एकदम शेकडो अंशांनी उसळतं. नायक्रोमची (हीटरच्या तारेत असतो त्या मिश्रधातूची) तार वितळायची, प्लॅटिनमची टिकायची. साध्या दाबाला पाण्यासाठी ही मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० वॅट. अणुभट्टीत आणि बॉयलरमध्ये या मर्यादेच्या अलीकडं राहणं हा जिवाचा प्रश्न असतो. हा प्रयोग एकट्यानं, घरी, थेट मेनच्या विजेवर करायचा नाही. कमी व्होल्टेजचा पुरवठा आणि शेजारी शिक्षक, दोन्ही हवेत.

द्रव नायट्रोजन पाहायची इच्छा असेल तर तो तुमच्या जवळच आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या असतात. डॉक्टरांना विनंती केली तर कंटेनर भरतानाची प्रक्रिया दुरून दाखवतात. त्याची वाफ झाली की आकारमान जवळजवळ ७०० पटींनी वाढतं. म्हणून घट्ट झाकण लावायचं नाही आणि बंद खोलीत उघडायचा नाही, दोन्हींनी माणसं दगावली आहेत.

गोठण्याच्या बाजूला वळणारे विद्यार्थी बहुतेक एम्पेंबा परिणामानं ओढले जातात. १९६३ साली टांझानियातल्या एरास्टो एम्पेंबा या शाळकरी मुलाला आइस्क्रीम करताना दिसलं, की गरम मिश्रण थंड मिश्रणाच्या आधी गोठलं. १९६९ साली डेनिस ऑसबोर्न या प्राध्यापकांसोबत त्यानं ते प्रसिद्ध केलं. २०१६ साली बरिज आणि लिंडेन या संशोधकांनी काळजीपूर्वक प्रयोग करून सांगितलं की पाण्यात असा परिणाम त्यांना आढळला नाही, आणि थर्मामीटरच्या उंचीत एका सेंटिमीटरचा फरक असला तरी परिणाम दिसल्याचा भास होऊ शकतो. तुम्ही हा प्रयोग कराच, पण आधी ठरवा की "गोठलं" म्हणजे काय: तापमान शून्यावर आलं तेव्हा, पहिला स्फटिक दिसला तेव्हा, की शेवटचा थेंब घट्ट झाला तेव्हा? या तीन वेळा वेगवेगळ्या असतात. त्यात स्वच्छ पाणी शून्याच्या खाली कित्येक अंश द्रवच राहतं आणि मग अचानक गोठतं. हा क्षण प्रत्येक वेळी बदलतो. म्हणून एका आलेखावरून काही म्हणू नका. तोच प्रयोग, तेच भांडं, फ्रीजरमधली तीच जागा, पुन्हा पुन्हा, आणि मग सरासरीसोबत विखुरणही, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले तेही, द्या.

वितळताना उष्णता साठवून गोठताना ती परत देणाऱ्या पदार्थांत रस असेल तर मेणापासून सुरुवात करा. लॉरिक आम्लही चांगलं, पण ते ४४ अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडं मे महिन्यात टिनाच्या खोलीत ते दिवसभर गोठतच नाही, तेव्हा तो प्रयोग डिसेंबरसाठी ठेवा.

पुढच्या वाटेबद्दल थोडक्यात. बी.एस्सी.नंतरच्या परीक्षा अशा: आयआयटीत एम.एस्सी.साठी जॅम, पीएच.डी. किंवा एम.टेक.साठी गेट, आणि फेलोशिपसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट. नेटमधून मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. घरी पैसे पाठवायची जबाबदारी असणाऱ्या मुलांनी हा आकडा आईवडिलांना सांगावा. संशोधन म्हणजे अजून पाच वर्षं बिनकमाईचं शिक्षण, असा समज अजूनही आहे. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर उष्णता वहनाची पूर्ण व्याख्यानमाला मोफत आहे. इंग्रजी अडलं तर थांबवून ऐका. संज्ञा इंग्रजीतच शिका, पण प्रयोगाचं कारण आधी मराठीत स्वतःला समजावून सांगा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. ती मिळाली तर दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढता येतात.

कुठल्याही मार्गदर्शकाला ईमेल लिहाल तेव्हा "मला संशोधनाची खूप आवड आहे" या वाक्यावर भर देऊ नका. माठाच्या प्रयोगाचा एक आलेख जोडा: वेळ, वजन, कोरडं-ओलं तापमान, प्रत्येक बिंदूवर अनिश्चिततेची रेघ (आकडा किती चुकू शकतो ते दाखवणारी). खाली दोन ओळी, की हिशोबात अमुक टक्के उष्णता सापडत नाही आणि ती झाकणाजवळून जात असावी असं तुम्हाला का वाटतं. मी स्वतः विद्यार्थी निवडताना गुणपत्रिकेच्या आधी अशा ओळी वाचतो.